गुळवणी प्यालेली मोटार

पेट्रोल महागलं की मला भाव येतो. एरवी जळगावला लागून असलेल्या आमच्या पिंप्राळ्यात मला कोणी चहालासुद्धा विचारत नाही. पण पंपावर दर वाढला की लोकांना विजेची गाडी आठवते, विजेच्या गाडीवरून बॅटरी आठवते आणि बॅटरीवरून मी आठवतो. या वर्षी तर कहर झाला. दाढी करताना न्हाव्याने विचारलं, दात काढताना डॉक्टरांनी विचारलं, "काय आबा, आता विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांना घरी बसवणार म्हणे! खरं का?" तोंडात चिमटा असताना माणूस काय उत्तर देणार? शेवटी या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही तेच विचारलं आणि वर म्हणाले, "अनुभव लिहा, पण वाचकांना समजेल असं लिहा." मी एरवी न समजणारं बोलतो असा त्यांचा समज दिसतो.

तर अनुभव आहे. माझ्या माहितीत आपल्या खानदेशात विजेची मोटार बाळगणारा एकच माणूस होऊन गेला, फैजपूरचे नाना. तीन पिढ्यांची केळीची बागायत, घरी सालदार म्हणजे सालाने ठेवलेले गडी, दारात मोटार, आणि स्वतःच्या अकलेवर गाढ विश्वास. त्या विजेच्या मोटारीच्या बॅटऱ्या सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. गाडी चालली तेव्हा मी होतो, बंद पडली तेव्हाही मीच होतो, आणि बोलणी खायची वेळ आली तेव्हा तर फक्त मीच होतो.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जळगावात माझं बॅटऱ्या भरायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. बॅटरी म्हणजे काळ्या रबरी डब्यात शिशाच्या पट्ट्या आणि ॲसिडचं पाणी. डब्याच्या वर एका रांगेत भोकं असतात, त्यांना आम्ही तोंडं म्हणतो. लोकांना वाटतं, बॅटरी वीज तयार करते. छे! तयार वगैरे काही करत नाही. दिलेली वीज सांभाळते आणि मागितली की परत देते, तीही कुरकुर करत. उन्हाने आतलं पाणी आटतं, मग त्या तोंडांतून पाणी घालावं लागतं. पण विहिरीचं नाही, नळाचं नाही. वाफेचं गार करून केलेलं, ज्यात क्षार नाही, माती नाही, असं निर्मळ पाणी. त्याला डिस्टिल्ड वॉटर म्हणतात. एवढंच पथ्य आहे. पण एवढंच सांगायला माझं उभं आयुष्य गेलं. एका ड्रायव्हरने पाणी आटलं म्हणून सोडावॉटर ओतलं होतं. वर मलाच विचारतो, "आबा, यात गॅस असतो ना, मग जोर नको यायला?"

ॲसिडमुळे माझ्या अंगावर धड कपडा कधी टिकला नाही. लग्नात घेतलेल्या सदऱ्यालासुद्धा भोकं. बायको म्हणायची, "तुम्ही बसता कुठे आणि जळता कुठे?" दुकानाची भरभराट मात्र झाली, आणि ती कोणाच्या जिवावर? पेट्रोलच्या गाड्यांच्या. ज्यांना पेट्रोलची फार थोरवी वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावं. हिवाळ्यातल्या सकाळी अर्धं जळगाव गाड्या ढकलत असायचं. मागे एका निवडणुकीत एका पुढाऱ्याची जीप माझ्या दुकानापुढे उभी होती. जीपच्या बॅटरीवरच कर्णा लावला होता. स्वतःच्या पायावर उभं राहण्याविषयी साहेब बोलबोल बोलले, आणि बोलणं संपेपर्यंत बॅटरी संपली. मग श्रोत्यांनी जीप ढकलली आणि साहेब आत बसून हात जोडत गेले. विजेच्या गाड्या अजून तयार नाहीत म्हणतात; तेव्हा पेट्रोलच्या गाड्या तरी तयार होत्या का, हे मला आधी कोणीतरी सांगा.

असो. आता नानांच्या घरातली खरी गोष्ट, त्यांच्या आईची.

नानांच्या आईला सगळं गाव अक्का म्हणायचं. ठेंगणी, गोरी, नऊवारी नेसणारी, आणि जिभेला धार. अक्काची धाकटी बहीण सरूबाई आमच्या पिंप्राळ्यात मुलाकडे राहायची, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. सरूबाईला अर्धांगवायू झाला आणि तिने अंथरूण धरलं. बोलणं जड झालं होतं, घरच्यांनाही नीट कळायचं नाही. इकडे अक्काला मोटार सोसत नव्हती. पेट्रोलचा वास नाकात गेला की तिला ओकाऱ्या सुरू व्हायच्या, त्या थांबायच्याच नाहीत. एकदा एसटीने निघाली ती पहिल्याच गावाला अर्धमेली होऊन उतरली. आगगाडीचा धूरही तसाच, आणि गुडघे असे की भुसावळ स्टेशनातल्या पुलाच्या पायऱ्या चढणं शक्य नाही. एक बहीण उठू शकत नाही, दुसरी बसू शकत नाही. सकाळी निघून दुपारी पोचावं एवढंच अंतर, आणि वर्षानुवर्षं भेट नाही.

मी नानांच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बघायला फैजपूरला जायचो. अक्का वाटच पाहत असायची. "सरू काय म्हने रे भाऊ?" सरूबाईचं बोलणं मला अर्धं कळायचं. कळलेलं सांगायचो, न कळलेलं पदरचं सांगायचो. अक्का हसायची. म्हणायची, "हे सरूचं नाही, हे तुझं हाये."

तुम्ही म्हणाल, बैलगाडीने का नाही गेली? अक्कानेही तेच म्हटलं होतं. घरी झकास दमणी होती, वर छत, खाली गादी. "मले दमणी जुंपून दे, मी वाटेत मुक्काम करत जाईन," म्हणाली. पण नाना मोटारवाले! मोटारवाल्याची आई दमणीतून जळगावला गेली तर लोक काय म्हणतील? नानांनी दमणीच विकून टाकली. म्हणजे विषयच मिटला. त्या दिवसापासून अक्का पोराशी कामापुरतंच बोलायची.

मग एके वर्षी जगभर तेलाची टंचाई झाली. नाना एकदा जळगावच्या पंपावर गेले. पंपाचे मालक मोतीशेठ, मूळचे मारवाडचे, पण मराठी आपल्याहून तिखट. ते म्हणाले, "नाना, पेट्रोल नाही. केळीचा रस काढून घाला." चारचौघांत म्हणाले. नानांना ते इतकं झोंबलं की तिथेच गर्जना केली, "शेठ, तुमच्या पंपाचं तोंड पाहणार नाही! विजेची गाडी करीन, आईला बसवीन, फैजपूरहून पिंप्राळ्याला नेऊन त्याच संध्याकाळी परत आणीन!" मोतीशेठ म्हणाले, "आणा. मी गाडीला स्वतःच्या हाताने हार घालीन. आणि मध्ये बंद पडली तर हाक मारा, डबा घेऊन येतो."

बघा, अक्का किती दिवस सांगत होती तेव्हा काही झालं नाही. पंपावर चारचौघांत पाणउतारा झाला आणि आईची आठवण झाली.

गाडी तयार केली धुळ्याच्या हुसेनमिस्त्रींनी. आग्रा रोडवर त्यांचं वर्कशॉप होतं. नानांच्याच जुन्या मोटारीचं इंजिन काढून टाकलं, आणि रेल्वेच्या फलाटावर पार्सलं ओढणारी विजेची ट्रॉली असते, तिची भंगारात निघालेली मोटर बसवली. बॅटऱ्या माझ्या, ट्रकच्या. निम्म्या पुढे इंजिनाच्या जागी, निम्म्या मागच्या सीटखाली. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नाना, ट्रकची बॅटरी ही ट्रक सुरू करण्यापुरती असते. एक जोराचा धक्का द्यायचा आणि आराम करायचा, एवढंच तिला ठाऊक. तिला दिवसभर गाडी ओढायला लावू नका." नाना म्हणाले, "आबा, तुम्ही फार निराशावादी." निराशावादी हा शब्द त्यांनी नुकताच कुठल्यातरी व्याख्यानात ऐकला होता.

पहिली चाचणी धुळ्याहून सोनगीरपर्यंत. जाताना गाडी अशी गेली की काय सांगू! आवाज नाही, धूर नाही. हुसेनमिस्त्री स्टिअरिंगवर बसून गात होते. सोनगीरच्या किल्ल्याखाली चढाला मात्र तिने मान टाकली. आम्ही तिघे उतरून ढकलायला लागलो, गावातली माणसं धावली. तिथला चहावाला हात बांधून बघत होता. म्हणाला, "भाऊ, हाई मोटार शे का कपाट शे? बठ्ठा जन ढकली ऱ्हायनात, मंग मोटर कसाले लाई?" सगळेच ढकलताहेत तर मोटर कशाला लावली, हा त्याचा सवाल. सगळे हसले. नाना तेवढे हसले नाहीत. हुसेनमिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, गाडी माझी एक नंबर. बॅटरी तुमची ढिली." मी म्हटलं, "बॅटरी माझी एक नंबर. मोटर तुमची भंगारातली." त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून चढाला दोष दिला आणि चहा घेतला.

चुका दुरुस्त केल्या, आणि गाडी फैजपूरला आली. आधी भीत भीत अक्काला गावाच्या वेशीपर्यंत नेली. मी पुढे बसलो होतो. अक्काने पदर नाकाला गच्च धरला होता. थोड्या वेळाने पदर सैल झाला, मग खाली आला. वेशीपाशी मी मागे वळून पाहिलं तर म्हातारी खिडकीतून बाहेर बघत होती आणि डोळ्यांतून धारा. मी घाबरलो, "अक्का, त्रास होतोय का?" तर म्हणाली, "कायले होईन? वासच नाही रे भाऊ. आता मी सरूकडे जाईन." सांगायला लाज कशाला, माझेही डोळे भरून आले. आपण आयुष्यभर शिसं आणि ॲसिड चिवडलं, त्याचं काहीतरी झालं असं वाटलं.

एक अडचण निघाली. गाडीला आवाज नाही, त्यामुळे रस्त्यावरचे लोक बाजूलाच होत नाहीत. गुरं तर मुळीच नाहीत. हॉर्न वाजवला की तेवढीच बॅटरी खर्च, म्हणून नाना हॉर्न वाजवू देईनात. शेवटी त्यांनीच जुनी घुंगरमाळ काढून गाडीच्या नाकाला बांधली. गाडी छुम छुम करत गावातून जायला लागली.

अक्काचा मात्र त्या गाडीवर जीव जडला. नाना सत्कार घेत गावोगाव फिरायचे, बॅटरीतलं पाणी बघायला त्यांना वेळ कुठला? म्हणून मी अक्कालाच सगळं शिकवलं. हे झाकण असं काढायचं, पाणी इथवर आलं पाहिजे, बाटलीतलंच घालायचं, दुसरं नाही. तिने ते काम असं केलं की माझ्या दुकानातला गडी करणार नाही. रोज सकाळी गोठ्यात जायची, गाडीही गोठ्यातच उभी असायची, आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मग गाडीच्या. मी म्हणायचो, "अक्का, हे यंत्र आहे." ती म्हणायची, "यंत्र ते. ओकाऱ्या येतात ते यंत्र. हा आपला मुका जीव हाये."

मी हसलो. त्याच वेळी बाटलीतलंच पाणी पुन्हा एकदा बजावायला हवं होतं.

जायचा दिवस ठरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पोळ्याला शेतकऱ्याच्या घरचं कोणी कुठे जात नाही, म्हणून दुसरा दिवस. बेत असा की सकाळी फैजपूरहून निघायचं, भुसावळला नानांच्या ओळखीच्या पिठाच्या गिरणीत गाडी थोडी चार्ज करायची, दुपारी पिंप्राळा, तिथेही चार्ज करायची आणि संध्याकाळी परत. अक्काने विचारलं, "मंग सरूजवळ मी बसू किती वेळ?" नाना म्हणाले, "गाडी भरत आली की निघायचं. त्याच दिवशी परत आलो तर खरं ना!" अक्का उठून गोठ्यात गेली.

मी पोळ्याच्या संध्याकाळी फैजपूरला मुक्कामाला गेलो. गोठ्यात गाडी पाहिली आणि थक्क झालो. सालदारांनी तिला बेगड चिकटवलेली, टपावर झूल, दोन्ही दिव्यांना गोंडे. आदल्या दिवशीची खांदेमळणीसुद्धा झाली होती. बैलाच्या मानेला जू घासतं म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने त्याचे खांदे मळतात. हिचे खांदे कुठले? अक्काने बॅटऱ्यांच्या तारा जिथे जोडतात त्या टोकांना तूप-हळद चोळली होती. खरं सांगतो, त्यात वावगं काही नव्हतं. आम्हीही तिथे ग्रीस लावतो. उलट मी मनात म्हटलं, म्हातारीला धंदा कळला. आणि झाकणं उघडून न बघता पुरणपोळीच्या पानावर बसलो.

सकाळी गाव जमलं. नानांनी फेटा बांधला होता. नारळ फुटला, घुंगरं वाजली, आणि स्वारी निघाली: स्टिअरिंगवर नाना, शेजारी मी, मागे अक्का आणि तिच्या मांडीवर सरूबाईसाठी पुरणपोळ्यांचा डबा. तापीच्या पुलापर्यंत गाडी ठीक चालली, मग थोडी धापा टाकायला लागली. भुसावळच्या गिरणीत तारा जोडल्या आणि थोड्याच वेळात वीज गेली. वीज मंडळाला कोणी कळवलं होतं का की नाना येणार आहेत, कोण जाणे. गिरणीवाला म्हणाला, "येईल आत्ता." दळण घेऊन बसलेल्या बायका हसल्या, त्यावरून आत्ता म्हणजे किती ते मला कळलं. नानांना धीर नव्हता. "जेवढी आहे तेवढ्यावर जाऊ," म्हणाले.

नशिराबादच्या अलीकडे गाडी उभी राहिली.

मी पुढचं झाकण उघडलं. पहिल्या तोंडातून तपकिरी फेस बाहेर आला होता. दुसऱ्यातून तसाच. ॲसिडचा वास मी झोपेत ओळखीन, पण हा वास वेगळा. वाकून हुंगलं आणि माझा माझ्या नाकावर विश्वास बसेना. गूळ!

"अक्का," मी म्हटलं, "यात काय घातलं?"

"कधी?"

"काल."

"काल पोळा होता," अक्का म्हणाली. "बैलांले पुरणपोळी दिली, गुळवणी दिली. मंग यालेच तेवढं बाटलीतलं बेचव पानी? पाप नाही लागीन? जास्त नाही घातली रे, एका एका तोंडाले पळीभर."

गुळवणी म्हणजे गुळाचं पातळ गोड पाणी. आमच्याकडे पुरणपोळी त्यात बुडवून खातात. माणसाला उत्तम, बैलाला उत्तम. बॅटरीला विष. मी कपाळावर हात मारला. नाना रस्त्यात उभे राहून ओरडले, "अक्का! अगं सगळा सत्यानाश केलास!" आणि अक्का त्या मुक्या गाडीकडे अशी बघत राहिली, जणू तिच्या हातून जनावर मेलं होतं. म्हणाली, "मी त्याले सणाचं दिलं रे. सगळ्यांले दिलं, त्यालेही दिलं." मला राग येईना आणि हसूही येईना.

तेवढ्यात मागून मोटार आली, आणि तीतून उतरले मोतीशेठ. ते भुसावळहून घरी चालले होते, असं ते म्हणाले. माझा आजही विश्वास नाही. पण माणूस मनाचा वाईट नाही. सगळं ऐकलं, पोट धरून हसून घेतलं आणि मग म्हणाले, "अक्का, चला माझ्या गाडीत. बघता बघता बहिणीपुढे नेऊन सोडतो." अक्का निघाली. दार उघडलं, एक पाय आत ठेवला, आणि तशीच मागे फिरून रस्त्याच्या कडेला बसली. ओकारी थांबेना. मी पाणी दिलं. तोंड पुसून ती म्हणाली, "इतकी जवळ आले रे भाऊ. आता मागे नको नेऊ."

बाजूच्या शेतातला एक शेतकरी बैलांना पाणी दाखवून चालला होता. कालच्या पोळ्याची रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरं. अक्का उठली, आपण होऊन त्याच्याकडे गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण तो बैल घेऊन आला आणि दोर बांधायला लागला.

नाना म्हणाले, "नाही! माझ्या गाडीला बैल? लोक काय म्हणतील?"

अक्का त्यांच्याकडे बघून म्हणाली, "दमणी तूच विकली ना? मंग आता हीच दमणी. बस आत."

नाना बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला, खिडकीची काच वर केली. मोतीशेठ आपली गाडी बैलांच्या मागे हळूहळू हाकत आले, आणि जळगाव येईपर्यंत भेटेल त्याला सांगत होते, "नानांची विजेची गाडी! माझ्या गाडीला पेट्रोल लागतं, त्यांच्या गाडीला कडबा." पिंप्राळ्याचं रेल्वे फाटक बंद होतं. ट्रक, टांगे, सायकली, आणि मध्ये बैल जुंपलेली, गोंडे बांधलेली, झूल पांघरलेली मोटार. गर्दी जमली. नाना पायाशी काहीतरी पडल्यासारखे वाकून शोधत होते. अक्का मात्र ताठ बसली होती. नाकाला पदर नव्हता.

सरूबाईच्या खोलीत मी दारातच थांबलो. अक्का खाटेवर जाऊन बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. सरूबाई काहीतरी बोलली. तिच्या सुनेला कळलं नाही, मला कळलं नाही. अक्का फाडकन म्हणाली, "मी नाही म्हातारी झाले, तूच झाली!" आणि दोघी हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, आज किती दिवसांनी यांचं बोलणं कोणाला कळलं हो!"

नाना बाहेर मला खेचून म्हणाले, "आबा, काहीही करा. तुमच्या दुकानातल्या दुसऱ्या बॅटऱ्या टाका. रात्र होण्याआधी परत पोचलो तर बैलांमुळे झालेलं हसं निस्तरता येईल." दुकानात भरलेल्या बॅटऱ्या होत्या. तासाभरात बसवता आल्या असत्या. मी हो म्हणून अक्काला सांगायला गेलो.

अक्काने मला जवळ बोलावलं. "किती वेळ लागीन?"

"तासभर."

ती सरूबाईचे केस विंचरत होती. फणी न थांबवता म्हणाली, "नाही. तुले लई वेळ लागीन. मी सांगीन तव्हा भरजो."

मी तिच्याकडे पाहिलं, सरूबाईकडे पाहिलं. आणि बाहेर येऊन नानांना म्हटलं, "नाना, जमणार नाही. गुळवणी मोटरपर्यंत गेली असेल. सगळं खोलावं लागेल." गुळवणी मोटरपर्यंत कशी जाईल हे त्यांनी विचारलं नाही. तेवढी त्यांची अक्कल माझ्या कामी आली. ते एसटीने फैजपूरला गेले.

मग रोज तोच खेळ. नाना माणूस पाठवायचे, झाली का गाडी? मी म्हणायचो, भरतेय. पट्ट्या मुंबईहून यायच्यात. ॲसिड मुरतंय. भरतेय अजून. खरं म्हणजे बॅटऱ्या केव्हाच तयार होऊन कोपऱ्यात पडल्या होत्या. मी फक्त त्या मरू नयेत म्हणून अधूनमधून वीज देत होतो. हुसेनमिस्त्री धुळ्याहून आले, बघून सगळं समजले, आणि नानांना सांगून गेले की आबांची बॅटरी पहिल्यापासून ढिली. मोतीशेठने तर पंपावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "घ्या विजेची गाडी! एकदा जा, आणि महिनाभर चार्ज करत बसा." गाव हसायचं. माझी काही चांगली गिऱ्हाइकं तुटली, त्याचं वाईट वाटलंच. संध्याकाळी घरी जाताना सरूबाईच्या खिडकीवरून जायचो. आत दोघींचं काहीतरी चाललेलं असायचं. अक्का मोठ्याने बोलायची आणि सरूबाई तिच्या त्या जड जिभेने भांडायची. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचो, भरतेय.

विजेच्या गाड्या आपल्याकडे चालत नाहीत, चार्ज व्हायला महिना लागतो, हे जे अजून जळगाव-धुळ्यात ठामपणे सांगतात, त्यांना ते कुठून कळलं ते आता तुम्हालाही कळलं. मोठमोठी शिकलेली माणसं मला माझंच खोटं आकड्यांसकट समजावतात. मी मान डोलावतो.

नवरात्राच्या आधी सरूबाई गेली. झोपेतच गेली, हात अक्काच्या हातात. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पायी पायी, गुडघे धरत, माझ्या दुकानात आली. बाकावर बसली. मी चहा मागवला, तो तिने घेतला नाही.

"भर आता," म्हणाली.

तासाभरात गाडी तयार झाली. नाना आले, आणि आम्ही निघालो. आता ऐका. ती गाडी जळगावहून निघाली, भुसावळच्या गिरणीत थांबली, तिथे त्या दिवशी वीज होती, पोटभर चार्ज झाली, तापीचा पूल ओलांडला आणि फैजपूरच्या दारात जाऊन उभी राहिली. कुठे ढकलली नाही, कुठे धापा टाकल्या नाहीत. बघायला मात्र कोणी नव्हतं. हार नाही, नारळ नाही, झूल-घुंगरं नाहीत, मोतीशेठ नाही. नाना वाटेत दिसेल त्याला हात करत होते, आणि लोकांना वाटत होतं की पेट्रोलचीच गाडी आहे, नानांनी शहाणपण धरलं.

दारात उतरल्यावर मी झाकणं उघडून पाहिली. पाणी जागच्या जागी, बॅटऱ्या ताज्या. नानांचा चेहरा उजळला होता. त्यांनी आईला हात धरून उतरवलं आणि म्हणाले, "बघितलंस अक्का? झाली की नाही तयार! आता फक्त सांग. म्हणशील तेव्हा पिंप्राळ्याला नेतो."

अक्काने गाडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता कोनाकडे रे?" म्हणाली, आणि घरात गेली.